एकतीस नंबरचं पाकीट

१

पाकीट फोडायला मला दोन दिवस उशीर झाला, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं असतं तर लपवल्यासारखं झालं असतं.

बुधवारी गावच्या उपकेंद्रात लहान बाळांचं लसीकरण झालं. बाराच्या सुमाराला तिथल्या आशाताई, बनाताई, यांनी अकरा बंद पाकिटं माझ्या हातात दिली. नियम असा की त्याच संध्याकाळी सगळी फोडायची आणि आधी दहावा प्रश्न बघायचा. पण घरी आले तर माझ्या साडेतीन महिन्यांच्या मुलीचं अंग तापलेलं. गुरुवार सगळा कपाळावर पट्ट्या ठेवण्यात आणि तिचे श्वास मोजण्यात गेला. पिशवी दाराच्या खुंटीला तशीच लटकत होती. येता-जाता दिसायची. बघायची आणि पुढं जायची.

आमचं काम असं. पद्मा मॅडम सांगलीतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात, आणि मनाच्या आजारांचे पेशंटही बघतात. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत किती बायकांच्या मनात स्वतःला काही करून घेण्याचे विचार येतात, याचा त्या अभ्यास करताहेत. मी त्यांची मदतनीस. चौदा प्रश्नांचा फॉर्म, वर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी बनाताईंकडे आणि माझ्याकडे.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला आणि मी जमिनीवर बसून पाकिटं फोडली. तीस पाकिटं मागच्या खेपांची झाली होती. हे पहिलंच, एकतीस नंबरचं.

दहावा प्रश्न: गेल्या सात दिवसांत स्वतःला काही करून घ्यावं असं वाटलं का? पुढं चार चौकोन. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा.

खूण शेवटच्या चौकोनात होती. पेन इतका दाबलेला की मागच्या बाजूनं बोटाला लागत होता.

बाकीचा फॉर्म वाचला. पहिल्या प्रश्नाला, बाळंतपणाला किती दिवस झाले, उत्तर होतं '८७'. बाळ रात्री किती वेळा उठतं, अंगावर पितं की बाटलीनं, हे दोन्ही कोरे. आणि बाराव्या प्रश्नाला, बाळाची सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते, एकच शब्द: 'थंडीची'.

सांगलीत त्या दिवशी पारा चाळीसला टेकला होता.

यादी काढली. एकतीस: साक्षी. बाळ मुलगा, दीड महिन्याचा, पहिला डोस.

दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस. मग सत्त्याऐंशी कुठून आले?

२

गाव डिग्रजच्या पुढं, नदीकाठाला. साक्षी बाळंतपणाला माहेरी आलेली. डोक्याला घट्ट फडकं, कानात कापूस, आणि त्या उकाड्यात खाटेखाली शेगडी. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास कोंडलेला. मी पाच मिनिटांत घामानं निथळले, ती मात्र नखांना गुलाबी पॉलिश लावत बसली होती.

"फॉर्म? कसला फॉर्म?" ती म्हणाली. "मला कुणी दिलाच न्हाई."

"बुधवारी, लसीच्या वेळी. पाकिटातला."

"न्हाई बाई."

मी तिच्याकडं बघत राहिले. आम्हाला शिकवलेलं असतं, माणूस हसत असलं म्हणून ते बरं आहे असं धरायचं नाही. आणि सरळ विचारायचं. विचारल्यानं कुणाच्या मनात नसलेला विचार येत नाही.

"साक्षी, जगू नये असं वाटतं का गं कधी?"

ती गोंधळली, मग खुदकन हसली. "आवं ताई, ह्यो तासातासाला उठवतो. मरायला तरी झोप नको व्हय!"

तिची आई, शालूबाई, दारातच लसूण सोलत होत्या. त्यांनी सूप खाली आपटलं. "काय इचारताय हो बाळंतिणीला? जावई फौजेत हायत, रोज दोनदा तोंड दाखवत्यात मोबाईलवर. आमच्या पोरीला काय कमी हाय?"

"तसं नाही मावशी, सगळ्यांनाच विचारतो."

"मग गावातल्या दुसऱ्या कुणाला इचारा जावा."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. अंकिता, साक्षीच्या भावाची बायको. माझ्यापेक्षा लहानच असेल. चहा ठेवला, शेगडीतला निखारा सारखा केला, ओलं दुपटं उचललं, कोरडं घातलं आणि रडायला लागलेल्या बाळाला खांद्यावर टाकून गेलीसुद्धा. मी "थँक्यू" म्हणेपर्यंत खोलीत नव्हती.

"वहिनी हाय म्हणून हे चाललंय बघा," साक्षी म्हणाली. "न्हाईतर आई नुसती तोंडानं बाळंतपण करती."

"तुझं तोंड बरं चालतंय!" शालूबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

निघताना मी साक्षीची सही घेतली, भेटीची नोंद म्हणून. अक्षर गोल, डावीकडं पडलेलं, शेवटी एक फुलसुद्धा. फॉर्मवरची अक्षरं उभी आणि बारीक होती.

म्हणजे साक्षी खरं बोलत होती. पाकीट तिच्या नंबराचं, पण आतली बाई दुसरीच कुणीतरी होती. कुठं होती ती आत्ता? काय करत होती?

३

बनाताई उपकेंद्राच्या पायरीवर भेटल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पाकीट मी साक्षीच्याच हातात दिलंय."

"ती म्हणते मिळालं नाही."

"मग मी खोटं बोलती व्हय?"

मला दुसरीच शंका होती. आकडा पुरा करायला कुणी घरी बसून फॉर्म भरले तर? पण आकडा पुरा करणारं माणूस सगळीकडं 'कधीच नाही' लिहून मोकळं होतं. कुणी पेन एवढा दाबत नाही.

मग राहिली अदलाबदल. अकरा पाकिटं, अकरा बायका, गर्दीत एकीचं दुसरीला गेलं असेल. बुधवारी आलेल्यांत तीन महिन्यांच्या आसपासचं बाळ एकच होतं, नाथाजी दादांच्या सुनेचं, सुवर्णाचं. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सुवर्णा अंगणात हळदीच्या पोत्यांवर बसून बाळाला पाजत होती.

"फॉर्म भरला की मी. रडू येतं का, तर हो लिहिलं. सासूबाई टीव्हीचा रिमोट देत न्हाईत, म्हणून येतं."

"बाळाला थंडी वाजेल अशी काळजी वाटते?"

तिनं माझ्याकडं, मग बनाताईंकडं बघितलं. "ह्यांस्नी ऊन लागलंय काय गं? ताक देऊ?"

तिचं बाळ चौऱ्याण्णव दिवसांचं होतं. तिचा फॉर्म माझ्याकडं नीट होता, छत्तीस नंबरचा. तरी मी विचारायचं ते सरळ विचारलं. ती गंभीर झाली, डोळ्यांत बघून नाही म्हणाली, आणि वर "कोण हाय ती?" असं हळूच विचारलं. मलाही तेच शोधायचं होतं.

बाकीच्या नऊ जणींकडंही गेलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या झाल्या. कुणाचंच ते अक्षर नव्हतं.

शेवटी मी पायरीवर बसून कॅलेंडर उलटं मोजलं. बुधवारपासून मागं सत्त्याऐंशी दिवस. पंधरा फेब्रुवारी येत होती, महाशिवरात्र.

"ताई, शिवरात्रीला गावात कुणाचं बाळ झालं?"

बनाताईंनी रजिस्टर उघडलं, पान खालून वर, वरून खाली बघितलं. "कुणाचंच न्हाई. दहाला एक, बावीसला एक. शिवरात्रीला ह्या गावात बाळ झालंच न्हाई."

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भार्गवी, अक्षर बदलून लिहिणारी माणसं असतात. साक्षी नाही, असं ठाम म्हणू नकोस. आज रात्री तिच्याजवळ कुणीतरी जागं राहील असं बघ. उद्या मी स्वतः येते."

मी शालूबाईंच्या दारात परत गेले. बोलणी खाल्ली. पण अंकितानं ऐकलं, मान हलवली. "मी बसते तिच्याजवळ. झोपत न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

मला बरं वाटलं. वाटलं, या घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

४

शनिवारी सकाळी माझ्याच मुलीचा तिसरा डोस होता. ताप उतरला, डॉक्टर हो म्हणाले. सांगलीत गणपती पेठेजवळचा त्यांचा दवाखाना, साडेनऊचा नंबर. रात्रभर मी मोबाईल उशाला घेऊन पडले होते. सकाळी सातला बनाताईंचा मेसेज आला: साक्षी बरी हाय, झोपली हाय.

मला सुई बघवत नाही. पहिल्या डोसापासून असंच. मुलीला सासूबाईंच्या मांडीवर देते आणि बाहेर जाऊन स्कूटरच्या आरशात बघत उभी राहते. नवरा यावरून मला फार चिडवतो. "आई तू आणि बाळंतीण माझी आई!"

आतून ती किंचाळली. मी कानावर हात ठेवले. थोड्या वेळानं काचेतून बघितलं तर सासूबाई तिला थोपटताहेत आणि नर्स त्यांच्याच हातात कागद देतेय. "आई, इथं बाळाचं वजन वाचा, इथं सही करा आणि अर्धा तास बसा." नर्सनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जिच्या मांडीवर बाळ, तिच्या हातात कागद.

मी तशीच फोन लावला.

"साक्षी, बुधवारी सुई टोचताना तू कुठं होतीस?"

"म्या? बाहेर, चिंचेखाली. मला न्हाई बघवत."

"बाळ कुणाच्या मांडीवर होतं?"

"वहिनीच्या. का वो?"

"वहिनी आहेत का जवळ?"

"हुत्या की आत्ता. गोठ्याकडं गेल्या असतील."

मी फोन ठेवला आणि बनाताईंना लावला. घाईत एकदा चुकला, दुसऱ्यांदा नंबर बरोबर लागला.

"ताई, अंकिताला मूल आहे?"

"कशाला इचारताय?" मागं पंखा फिरत होता.

"बनाताई!"

"तिचं पैलं बाळंतपण माहेराला झालं, कराडच्या बाजूला. पैलं माहेरातच असतंय की. पोरगा झाला आन् घटकाभरात गेला. वीस दिवसांनी आली ती परत, मोकळी."

"कधी झालं?"

"शिवरात्रीला."

"काल मी तुम्हाला विचारलं होतं!"

"तुमी गावातलं बाळ इचारलंसा, ताई," बनाताईंचा आवाज फुटला. "माझ्या रजिस्टरात जित्या बाळांची नावं असत्यात. तिचं कुठं लिवू? आन् पाकीट मी तिच्या हातात दिलं, नणंदेला दे म्हणून. साक्षी बाहेर हुती. काल भ्याले मी, तुमी वराडशीला म्हणून."

"आत्ता पळा तिच्याकडं. पळा! तिला एकटं सोडू नका. मी येतेय."

काल रात्री आम्ही दुसरीवर लक्ष ठेवायला जिला बसवलं होतं, ते पाकीट तिचंच होतं.

५

मुलगी सासूबाईंकडं सोडली, मॅडमना दवाखान्यापाशीच बोलावलं आणि त्यांच्या गाडीत बसले. वीस मिनिटांचा रस्ता. मॅडमनी गाडी चालवता चालवता एकदाच विचारलं, "कोरे प्रश्न कुठले होते?"

"बाळ रात्री उठतं का. काय पितं."

"आणि बाकी सगळी उत्तरं?"

"बाकी सगळी आईचीच आहेत, मॅडम. तिनं एकही खोटं लिहिलेलं नाही. बाळंतपणाला सत्त्याऐंशी दिवस खरेच झाले होते. आपणच ते साक्षीच्या बाळाला लावत बसलो."

"आणि थंडी?"

मी खिडकीबाहेर बघितलं. इतक्या लहान बाळाला आपल्याकडं अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. हे मला काल कळायला हवं होतं.

मॅडमनी गिअर बदलला. मग म्हणाल्या, "लसीच्या रांगेत आई शोधायची, ही माझी कल्पना. जिच्याजवळ बाळच नाही, ती या रांगेत येणारच नव्हती. ही चूक माझी."

गोठ्यात बनाताई धापा टाकत म्हशीच्या खुंट्याला टेकून बसल्या होत्या आणि शेजारी अंकिता पालथ्या बादलीवर. हातात शेण. जिवंत. 

मॅडम खाली, शेणाच्याच जमिनीवर बसल्या. मी पाकीट काढलं.

"हे तुम्ही भरलंत?"

तिनं पाकिटाकडं बघितलं. नाही म्हणेल असं वाटलं.

"नणंदेला द्यायचं हुतं," ती म्हणाली. "पण ती बाहेर आन् बाळ झोपलेलं मांडीवर. अर्धा तास बसा म्हणले. उघडून वाचलं. बाळंतपणाला किती दिवस झाले, असं हुतं पैलंच. मला कुणी इचारलंच नव्हतं हो कवा. माहेरास्नं आले तर आत्याबाई, आमच्या सासूबाई, म्हणल्या, झालं ते झालं, आता काढायचं न्हाई त्ये. मग साक्षी आली. मग धुरी, शेक, लाडू, दुपटी. मी तरी कवा बोलू?"

"थंडीची काळजी कशाची?" मी विचारलं.

"वडलांनी ओढ्याकडंच्या रानात ठेवलाय त्याला. शेजारी ऊस. पाण्याची पाळी आली की सोडत्यात. फोनवर सांगत्यात, आज पाणी दिलं म्हणून." ती थांबली. "गुंडाळायला नुसतं धोतराचं फडकं हुतं."

मॅडमनी विचारायचं ते विचारलं, सरळ, आवाज न बदलता. आजही तसं वाटतं का? हो. काही ठरवलं होतं का? ती बराच वेळ हातावरचं वाळलेलं शेण खरवडत राहिली.

"काल वाटलं हुतं. लय. पण ह्या ताई आल्या आन् म्हणल्या, रात्रभर साक्षीजवळ जागी ऱ्हा, तिच्या जिवाचं काय खरं न्हाई. मग मी कशी उठून जाणार? तिला काय झालं असतं म्हंजे?" ती माझ्याकडं वळली. "तिला कायबी नव्हतं व्हय, ताई?"



दारात वीरधवल उभा होता, तिचा नवरा. दुधाची किटली हातात. कधी आला कुणालाच कळलं नव्हतं. मागं शालूबाई, लसणाचे हात पदराला पुसत.

"किती दिवस झाले आज?" मॅडमनी अंकिताला विचारलं.

"नव्वद," वीरधवल म्हणाला.

अंकितानं मान वर केली. तिला वाटत होतं ती एकटीच मोजते.

"तुमीबी?" एवढंच ती म्हणाली.

किटली खाली ठेवून तो तिच्याजवळ उकिडवा बसला. शालूबाई पुढं होऊन काहीतरी बोलायला गेल्या, मॅडमनी हात वर केला. शालूबाई थांबल्या. मग आपण होऊन विहिरीकडं गेल्या, पाण्याची बादली आणली आणि सुनेचे हात धुवायला बसल्या. तोंडानं अवाक्षर नाही. त्या बाईला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्याच दुपारी मॅडमनी तिला सांगलीला आणलं, वीरधवलसकट. औषध, दर आठवड्याला भेट, घरात कुणी कधी जवळ थांबायचं, काय हाताशी ठेवायचं नाही, विचार वाढले तर कुणाला फोन करायचा, हे सगळं लिहून दोघांच्या हातात दिलं. साक्षी म्हणाली, माझी धुरी आईला करू दे आता, तिलाबी जरा जाळ लागू दे.

६

गुन्हेगार सापडला की गोष्ट संपते, असं वाचताना वाटतं. इथं कुणी गुन्हेगार नव्हता, आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की एवढ्यात काही संपत नाही. पुढचे काही महिने रोज सकाळी अकराला मी फोन करायचा, असं ठरलं.

पहिले दोन दिवस तिसऱ्या रिंगलाच उचलला. मंगळवारी नाही.

एक. दोन. तीन. मुलगी माझ्या मांडीवर होती, तिनं माझा कुडता मुठीत धरला होता. चार. पाच. मी उभी राहिले. वीरधवल रानात असेल, बनाताई तालुक्याला मीटिंगला. सहा. मी चप्पल घालायला लागले, एका पायात माझी, एका पायात सासूबाईंची. सात.

"हॅलो?"

मी फोन कानाला घट्ट धरून उभीच राहिले.

"हॅलो, ताई? आवं कपडं पिळत हुते. म्हशीनं सगळा दोर तोडला सकाळी." मागं बादलीचा आवाज, शालूबाईंचं कुणावर तरी ओरडणं. "बोलत का न्हाई? भ्यालासा व्हय?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," अंकिता म्हणाली. "मग अकराला मी मोबाईल कमरेला लावूनच फिरते. तुमच्यासाठी म्हणून. आता बसा बघू खाली, आन् पोरीला पाजा. रडतीय ती."